पेंडीचं पाणी

"ही कड बघ," हे म्हणाले. "बघितलीस? टोकापासनं आत करपत चाललंय."

दवाखान्यात औषधाची बाटली उजेडाकडे धरून गाळ बसलाय का बघायचे, तसं त्यांनी मोगऱ्याचं पान उजेडाकडे धरलं होतं. मी हातातली घेवड्याची परडी पायरीवर ठेवली आणि वाकून बघितलं. पान मधे हिरवंगार होतं आणि कडेला चहात बुडवून काढल्यासारखं तांबडं.

"ऊन लागलं असेल," मी म्हटलं.

"श्रावणात? तू म्हणजे अगदी आवटी डॉक्टरांच्या पेशंटांसारखी. पोट दुखलं की म्हणायचे, वारा लागला."

सांगलीत विश्रामबागच्या मागच्या बाजूला आमचं घर. पुढं-मागं मिळून चार खणाची जागा असेल, पण कुंड्या, कापलेली पिंपं, फुटके माठ, जिथं माती राहील तिथं ह्यांनी झाड लावलेलं. आवटी डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून ह्यांचा उभा जन्म गेला. औंसाच्या काचेच्या पेल्यानं मिश्रण मोजायचं, बाटलीला कातरलेल्या कागदाची पट्टी डकवायची, एक खूण सकाळी, एक संध्याकाळी. रिटायर झाले तेव्हा डॉक्टरांनी शाल दिली आणि तो पेला दिला. शाल ट्रंकेत गेली. पेला खिडकीत आला आणि झाडांना औषधपाणी त्या पेल्यानं सुरू झालं.

बाजारातलं फवारायचं औषध आमच्या दारात कधी आलं नाही. आम्ही जैन. कीड मारायची नाही हा घरचा नियम, आणि ह्यांनी तो नुसता पाळला नाही, त्याचं शास्त्र केलं. रविवारी आंबट ताक पाण्यात कालवून पानांवर शिंपडायचं, म्हणजे भुरी धरत नाही. मावा दिसायच्या आधीच चाळलेली राख. महिन्याकाठी कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेलं पाणी. छाटलेल्या फांदीच्या तोंडाला हळद. आणि गुरुवारी खुराक, म्हणजे पेंडीचं पाणी. शेंगदाण्याची पेंड मागच्या पत्र्याखाली बादलीत भिजत असायची. चार-पाच दिवसांत ती अशी आंबायची की पाहुणे नाकाला रुमाल लावून विचारायचे, गटार तुंबलंय का? त्यातला एक पेला बालदीभर पाण्यात. त्याहून थेंब जास्त नाही.

"डॉक्टर रोग झाल्यावर औषध द्यायचे," हे म्हणायचे. "मी होऊच देत नाही. म्हणून माझे पेशंट दारात बसून खोकत नाहीत."

आणि तरी एखादी अळी सापडलीच, तर ती कागदावर घेऊन ओढ्याकाठच्या उंबराखाली सोडून यायचे. "तिलापण पोट आहे."

आमच्याकडं भांडी-धुण्याला मालन यायची. तिला ह्या सगळ्याचं भारी हसू. भांडी विसळता विसळता म्हणायची, "आण्णा, माझ्या पोरांस्नी एवढं औशिद घातलं असतं, तर एकेक पैलवान झाला असता."

"तुझ्या पोरांना औषध नको, रट्टा पाहिजे," हे म्हणायचे, आणि निघताना तिच्या हातावर कढीपत्त्याची डहाळी ठेवायचे.

असं ते घर होतं. म्हणून त्या श्रावणात झाडांना काय झालं, हे आम्हाला कळेना.

मोगऱ्यापाठोपाठ जास्वंदीच्या कळ्या गळायला लागल्या. तोंडलीचा वेल मांडवावर होता तसाच मान टाकून पडला. लिंबाच्या पिंपात मातीवर पांढरी, कापसासारखी बुरशी आली आणि तिच्यावर चिलटं घोंघावायला लागली. ह्यांनी वरची माती खरवडली, राख घातली, हळद घातली, कडुनिंबाच्या पाण्यानं पानन् पान पुसलं. आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे कुंड्यांपाशी पाट टाकून बसायचे. मी जेवायला हाक मारली की म्हणायचे, "थांब गं, हिचा ताप बघतोय."

मलाही काही सुचत नव्हतं. शेजारची झाडं श्रावणात माजली होती. समोरच्या जगतापांच्या दारात नुसता चुना फासलेला डबा होता, त्यातली सदाफुलीसुद्धा फुलांनी लगडलेली. जगताप एसटीत कंडक्टर होते. ते म्हणाले, "आण्णा, आमची झाडं विदाउट तिकीट वाढत्यात. तुम्ही लई तिकिटं फाडताय."

हे हसले नाहीत. पूर्वी हसले असते.

तेवढ्यात पेंडीचं पोतं संपलं.

पोतं आम्ही अक्षय्य तृतीयेला तेलघाण्यावरनं आणायचो, ते दिवाळीपर्यंत जायचं. ह्यांनी ते पत्र्याखालनं ओढून अंगणात आणलं, उलटं केलं आणि झटकलं. नुसता भुगा पडला.

"पेंड कुठं गेली?"

"तुम्हीच घातली असेल की."

"मी? मी काय ओंजळीनं घालतो? माप आहे माझं." पोत्याकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मालनच्या शेळीची कास बघितलीस हल्ली?"

मी म्हटलं, "अहो, काहीतरी काय बोलता?"

"काहीतरी नाही. पेंड माणूस खात नाही. म्हैस खाते, शेळी खाते. आपल्या घरात येणाऱ्यांत शेळी कुणाकडं आहे?"

खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात पाल चुकचुकली. मालन मागच्या दारानं यायची, पत्र्याखाली तिचं धुणं भिजायचं, आणि पोतं तिथंच. जाताना तिच्या काखेत गाठोडं असायचंच, चार घरची शिळी भाकरी, भाज्यांची देठं.

त्या दिवसापासून ह्यांनी तिला टोमणे मारायला सुरुवात केली. "काय मालन, शेळी बरं दूध देते म्हणे." "काय मालन, आज गाठोडं जड दिसतंय." पहिल्यांदा ती हसली. मग हसायची थांबली. मग कढीपत्त्याची डहाळी ह्यांनी पुढं केली नाही, आणि तिनं मागितली नाही.

शेवटी मीच एक दिवस उठले. गौरीच्या सणाला नेसायला म्हणून जुनी बरी साडी काढली, आणि ओढ्यापलीकडं तिच्या घरी गेले. इतक्या वर्षांत मी तिच्या घरी दुसऱ्यांदा गेले असेन.

मालन दारात पाखडत बसली होती. साडी हातात घेतली, बाजूला ठेवली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "वैनी, शेळी बघायला आलाय व्हय?"

मी पदर सारखा केला.

"या की. लाजताय कशाला?" तिनं माझं मनगट धरलं आणि मला मागल्या बाजूला नेलं. खुंटाला एक हडकुळी शेळी बांधलेली. पुढं घमेल्यात बाभळीच्या शेंगा आणि मक्याची सालं. मालननं घमेलं उचलून माझ्या नाकापाशी आणलं. "हुंगा. पेंडीचा वास काय लपतोय व्हय? तुमच्या घरात आल्यावर माझ्या लुगड्याला दोन दिस वास येतो. हितं येतोय का, सांगा."

"मालन, मी तसं म्हटलं नव्हतं..."

"तुम्ही न्हाई म्हणला. पर आलायसा." घमेलं तिनं खाली ठेवलं, शेळीच्या पाठीवरनं हात फिरवला. "तुमच्या घरातनं मी मिठाचा खडा उचलला न्हाई, वैनी. चार घरची भांडी घासून पोरं वाढवली ती नावावर. नाव गेलं तर त्या गल्लीत मला कोण दारात उभं करंल?"

ती अजून काही बोलणार होती. तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं, आणि मिटलं.

"जावा घरी," म्हणाली. "आण्णा एकटंच हाईत."

वाटेनं येताना मी एवढंच मनाशी धरलं होतं की मालननं पेंड नेली नाही. मग नेली कुणी, हा विचार मी केला नाही. नवीन पोतं मागवलं होतं, ते घरी येऊन पडलं होतं. ह्यांना सांगितलं, मालनकडं काही नाही, मी डोळ्यानं बघून आले. हे म्हणाले, "विकली असेल."

आता मागं वळून बघताना वाटतं, तसं बरंच काही दिसत होतं. आवटी डॉक्टरांनी एकदा चुकून स्वतःचाच ताप मोजायला पेशंटचा थर्मामीटर तोंडात घातला, ती गोष्ट हे जेवताना सांगायचे, आणि ताक वाढेस्तोवर पुन्हा तीच सांगायचे. बस्तीतनं, म्हणजे आमच्या जैन मंदिरातनं, दर्शन घेऊन आले ते दुसऱ्याच कुणाच्या चपला घालून. मी म्हटलं, वय झालं. माझ्यासुद्धा कुठं लक्षात राहतं? चष्मा कपाळावर असतो आणि मी घरभर शोधते. नवरा-बायको दोघंही म्हातारी झाली की एकमेकांच्या विसराळूपणावर हसायची सवय होते, तसं आम्ही हसायचो.

तो मंगळवार होता. सकाळी हे पत्र्याखाली बसले होते, मी देवपूजा करत होते आणि पेंडीच्या वासानं मला शिंक आली, एवढं मला आठवतं. दुपारी जेवणं झाली, मालन येऊन धुणं वाळत घालून पुढच्या घरी गेली, आणि मी जरा आडवी झाले. दुपारची माझी झोप म्हणजे मेल्यासारखी, हे ह्यांचं कायमचं बोलणं. पण त्या दिवशी शेळीचं घमेलं डोळ्यांपुढून हलेना, म्हणून डोळा लागला नाही. मागं बादलीची कडी वाजली.

मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले.

हे मोगऱ्यापुढं उकिडवे बसले होते. जवळ भिजल्या पेंडीची बादली. पेला खिडकीतच होता, रिकामा, उन्हात चमकत. हे हातानं पेंडीचा रबडा काढत होते आणि मोगऱ्याच्या बुंध्याशी थापत होते, जशी लहान पोराला खीर भरवावी. पाणी नाही, माप नाही. आणि त्याच्याशी बोलत होते.

"काय रे, सकाळपासनं उपाशी ठेवलं होय तुला? कुणी बघत नाही ना तुझ्याकडं? खा."

मी दारातनं एक पाऊल पुढं टाकलं. मग म्हटलं, "अहो, काय करताय?"

त्यांनी वळून बघितलं. चेहरा अगदी स्वच्छ. काही लपवायचं असलेल्या माणसाचा नव्हता तो.

"गुरुवार ना आज. पेंड घालतोय."

"आज मंगळवार आहे."

"तुला वार कधी कळले?" ते हसले. किती दिवसांनी हसत होते. "गुरुवार आहे. काल बुधवार नव्हता का?"

"सकाळी घातली होतीत तुम्ही."

"सकाळी?" त्यांनी हाताकडं बघितलं. कोपरापर्यंत पिवळा रबडा ओघळत होता. "सकाळी मी बस्तीत गेलो होतो. तू झोप जा. तुला दुपारी उठून फिरायची सवय नाही, म्हणून असं होतंय."

आणि ते जास्वंदीकडं सरकले.

मी आत येऊन पाटावर बसले. बाहेर बादलीची कडी वाजत होती, थोडी थांबत होती, परत वाजत होती. मोगरा, जास्वंद, लिंबू, तोंडली. भुरी नव्हती, मावा नव्हता, बुरशी तर नंतर आली. झाडांना रोग नव्हताच. रोज, कदाचित रोज दोनदा, खायला मिळत होतं, आणि देणाऱ्याला ते आठवत नव्हतं.

हात धुऊन ते आत आले आणि एकदम तावातावानं म्हणाले, "मागं येऊन बघ. मोगरा गेला. मुळापाशी कुजलाय. आता मात्र ह्या मालनला मी सोडत नाही. पेंड चोरायची ती चोरायची, आणि वर कुंड्यांत सोड्याचं पाणी ओतायचं. संध्याकाळी जगतापांना बोलावतो. त्यांच्याकडं पण काम करते ती. सगळ्या गल्लीला कळू दे."

मी म्हटलं, "आज राहू दे."

"का राहू दे?"

मी चहाचं आधण ठेवायला वळले.

संध्याकाळी मालन आली तेव्हा जगताप अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांची बायको फाटकापाशी उभी होती, पलीकडच्या दोघीजणी नुसत्याच कुंपणापाशी रेंगाळत होत्या. कुणाच्या घरी काय चाललंय याचा वास आमच्या गल्लीला पेंडीपेक्षा लवकर लागायचा.

"आण्णा, विषय काय?" जगताप म्हणाले. "चहा मिळणार असेल तर मी साक्षीदार. नाहीतर निघालो."

"चेष्टेचं नाही जगताप. तुमच्या घरी ही येते-जाते. उद्या काही गेलं तर म्हणू नका, आण्णांनी सांगितलं नाही." हे मालनकडं वळले. "ठेव ते भांडं खाली."

मालननं भांडं ठेवलं नाही. पोटाशी धरून उभी राहिली.

"पोतं कुठं गेलं?"

"मला काय ठावं आण्णा?"

"तुला नाही तर कुणाला? आणि झाडांत काय ओतत होतीस? सोडा? साबण? बोल ना. मी तुझं काय वाईट केलं होतं? तुझी पोरं आजारी पडली तर दवाखान्यातनं औषध कोण आणून देत होतं?"

"तुम्हीच देत हुता." मालनचा आवाज फुटला. "म्हणून तर गप हाय आण्णा. दुसरं कोण असतं तर..."

"तर काय? काय केलं असतंस? चोर ते चोर आणि..."

"आण्णा, चोर म्हणू नगासा!"

जगताप खुर्चीतनं उठले. त्यांच्या बायकोनं फाटक उघडून एक पाय आत टाकला. तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं की उद्यापासनं मालनला ती दारात घेणार नाही. आणि तिनं नाही घेतली तर पलीकडच्या दोघीही घेणार नाहीत.

मालननं ह्यांच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. "वैनी, तुम्ही सांगा."

ह्यांचा हात माझ्या खांद्याजवळ होता. नखांत अजून पेंड होती, पिवळी. कुणाच्या लक्षात आली नव्हती.

"पेंड मी घातली," मी म्हटलं.

"काय?"

"झाडांना. मी घालत होते. तुमच्या नकळत."

हे माझ्याकडं वळले. "तू?"

"मोगरा पिवळा वाटला मला. म्हटलं, खुराक कमी पडतोय. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही घालू दिली नसती."

"किती घातलीस?"

"हाताला येईल तेवढी."

"रोज?"

"रोज. तुम्ही दुपारचे झोपलात की."

"पाण्यात कालवून ना?" ह्यांनी असं विचारलं, जसं आजारी माणसाचा नातेवाईक डॉक्टरांना शेवटचं विचारतो.

"नाही. तशीच."

ते पायरीवर बसले. मोगऱ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "अगं, कंपाउंडरच्या घरात जन्म काढलास. औषध आणि विष ह्यात मापाशिवाय दुसरं काय असतं? सगळ्यांना सांगत आलो मी. तुला सांगायचं राहिलं होय?"

त्यांच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. लग्नानंतर मी ते पहिल्यांदा बघितलं. सासरे गेले तेव्हासुद्धा ते रडले नव्हते.

जगतापांनी खुर्ची घडी केली. "च्यायला, घरातल्या घरातच निघालं की," असं काहीसं पुटपुटले, आणि बायकोला म्हणाले, "चला, गाडी सुटली." कुंपणापाशी कुणीतरी खुदकन हसलं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गल्लीत झालं होतं की मगदुमांच्या राजमतीबाईंनी, म्हणजे मी, नवऱ्याची बाग मारली आणि मोलकरणीवर आळ येऊ दिला. मालनवरचा आळ गेला. तेवढं पुरे होतं.

हे उठले, मालनपुढं गेले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. "चुकलो, मालन. क्षमा कर."

"आण्णा, असं नगा करू," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून मोरीत गेली. बऱ्याच वेळानं मी तिच्यामागं गेले. ती एकच पातेलं घासत होती, ते केव्हाच लख्ख झालं होतं. मान वर न करता हळू आवाजात म्हणाली, "वैनी, आता दुपारच्या झोपत जाऊ नगा."

मी मोरीच्या उंबऱ्यावर टेकले.

"मी पलीकडच्या घरचं धुणं वाळत घालताना बघायची रोज. कुंपणावरनं. एकदा म्हटलं पण, आण्णा, सकाळीच झालं की हे. तर मलाच म्हणाले, तू कोण?" राखेचा हात तिनं पाण्यात बुडवला. "बारक्या पोरागत बघत हुते वैनी. मग कसं सांगू चारचौघांत?"

त्या आठवड्यात ह्यांनी एकेक कुंडी उलटी केली. माती धुतली, काळी पडलेली मुळं कापली, कापल्या जागी राख लावली, कोरडी नवी माती भरली. काय कुठं किती घालायचं, हाताला सगळं आठवत होतं. एकदाही चुकले नाहीत. मला मात्र जवळ येऊ देत नव्हते. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले तरी म्हणायचे, "ठेव तिथं. तू हात लावू नको." कढीपत्ता आणि लिंबू वाचलं. मोगरा गेला, तोंडली गेली, जास्वंद निम्मी राहिली.

भाद्रपदात पर्युषण झालं. शेवटी क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी आमच्यात घरातली, शेजारपाजारची, सगळ्यांची क्षमा मागायची आणि सगळ्यांना क्षमा करायची असते. हे गल्लीत घरोघर जाऊन आले. मालनच्या घरीसुद्धा गेले. मी वाट बघत दारात बसले होते. आले, चप्पल काढली, आणि माझ्यासमोर जरा थांबले.

"तुला पुढच्या वर्षी," म्हणाले, आणि आत गेले.

मी नवीन पोतं जगतापांच्या माळ्यावर टाकलं. पत्र्याखालच्या बादलीत रोज तांदळाचं धुवण भरून ठेवायला लागले. धुवण कितीही वेळा घातलं तरी झाडाला बाधत नाही. त्यांना ते पेंडीचं वाटायचं की नाही कोण जाणे. दिवसातनं पाच-सहा वेळा घालायचे, प्रत्येक वेळी गुरुवार म्हणून. मी दुपारचं झोपणं सोडलं. पुढच्या वर्षी क्षमावाणीला बस्तीत नेलं तर म्हणाले, इथं कशाला आलोय आपण?

मग एकेक करत सगळं गेलं. जगताप कोण, ते गेलं. घराचा रस्ता गेला. आवटी डॉक्टरांची गोष्टसुद्धा गेली, तिचं मला फार वाईट वाटलं. अभय, आमचा मुलगा, पुण्याहून दर पंधरवड्याला यायचा. त्याला ते कधी भाऊ म्हणायचे, कधी डॉक्टर. मला तर काहीच म्हणायचे नाहीत. माझ्याकडं बघायचे, वाढलेलं जेवायचे, बाई कोण आहे असा चेहरा करायचे. रात्री मी अंथरूण घातलं की पलीकडं सरकून बसायचे, परक्या बाईपुढं संकोचल्यासारखे.

अभयला त्या संध्याकाळचं मी अजून सांगितलेलं नाही. त्याला गल्लीतनं जेवढं कळलं तेवढंच माहीत.

एक दिवस तो आला होता. त्यांना अंगणात खुर्चीत बसवलं होतं, मी पलीकडं पायरीवर होते. अभय त्यांच्यापुढं मांडी घालून बसला आणि लहान मुलाला विचारावं तसं म्हणाला, "आण्णा, ही कोण? ओळखा बघू. ही कोण बसलीय?"

हे माझ्याकडं बघायला लागले. कितीतरी वेळ बघत होते. कपाळावर आठी पडली, ओठ हलले. अभयनं नाव सुचवायला तोंड उघडलं, तर मी हातानं त्याला गप्प केलं.

"ही ना?" हे म्हणाले. "हिनं माझी झाडं मारली."

अभयचा चेहरा उतरला. "आई, मनावर घेऊ नको गं. त्यांना काय..."

मी पायरीवरनं उठले आणि त्यांच्या खुर्चीशेजारी जाऊन बसले. ते अजून रागानं माझ्याकडंच बघत होते. किती दिवसांनी माझ्याकडं असं, माझ्याकडं म्हणून, बघत होते.

"हो," मी म्हटलं. "तीच मी."